कन्हानकाठची कामठी

नागपूरच्या ईशान्येला पंधराएक किलोमीटरवर, कन्हान नदीच्या उजव्या तीरावर कामठी आहे. ती वसवली फौजेने. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. त्यानंतर इंग्रजांना नागपुरावर नजर ठेवायची होती, पण पलटणी शहराला खेटून नको होत्या. मुबलक पाणी आणि ऐसपैस जागा कन्हानकाठी मिळाली आणि १८२१ मध्ये छावणी पडली. सातपुड्यातून उतरणाऱ्या कन्हानला पेंच आणि कोलार याच परिसरात येऊन मिळतात. इतके पाणी पाहून कोणत्याही सेनापतीने हीच जागा धरली असती.

फौज आली की तिच्यामागे वाणी, शिंपी, धोबी, खाटीक येतातच. मद्रासी पलटणींबरोबर तमिळ आणि तेलुगू कुटुंबे आली, उत्तरेतून मोमीन विणकर आले आणि मोहल्ल्यांत हातमाग सुरू झाले. सूफी संत ताजुद्दीनबाबांचा जन्मही १८६१ चा, कामठीतलाच. ऐन वऱ्हाडी मुलखाच्या शेजारी असूनही कामठीच्या बाजारात आजही उर्दू-हिंदी जास्त कानावर पडते, ती या स्थलांतरांमुळेच.

एकेकाळी या गावाचा व्यापार नागपूरला टक्कर देत होता. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि पारडे फिरले. पुढे रूळ कामठीवरूनही गेले, पण तोवर व्यापार नागपूरकडे सरकला होता. १८८१ मध्ये सुमारे ५१ हजार असलेली वस्ती १९०१ मध्ये ३९ हजारांच्या आत आली. वीस वर्षांत चौथा हिस्सा माणसे कमी! प्लेगला आणि दुष्काळाला त्यातला वाटा द्यावा लागेल, पण बाजार उठला हेच मुख्य कारण असावे.

जाता जाता एक गोष्ट. भूगर्भशास्त्रात ‘कामठी’ हे खडकांच्या एका थराचे नाव आहे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या या वालुकाश्मातले पानांचे जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव यांचेच. इथल्या कोळशाच्या खाणीही गोंडवनाच्या याच खडकांच्या कुळातल्या.

पण कामठीने महाराष्ट्राला दिलेले सर्वांत मोठे नाव बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचे. जन्म १९०४. वडील रेल्वेत कारकून. त्या काळी या भागातल्या दलित वस्त्यांत घरोघरी विड्या वळल्या जात. तेंदूपान आणि तंबाखू ठेकेदाराचा, मजुरी तो देईल ती, आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे पैसे मिळत नसत. हरदासांनी या कामगारांना एकत्र केले. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते नागपूर-कामठीतून प्रांतिक विधिमंडळात गेले. एकमेकांना भेटताना ‘जयभीम’ म्हणण्याची रीत रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. १२ जानेवारी १९३९ रोजी, पस्तिशीतच, क्षयाने ते गेले. त्यांचे स्मारक कन्हानकाठी आहे आणि दर जानेवारीत तिथे अनुयायांचा मेळा भरतो. ‘जयभीम’ रोज उच्चारणाऱ्या किती जणांना कामठी ठाऊक असेल, अशी शंका मात्र येते.

छावणी अजून आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र इथेच आहे. १९९९ मध्ये जपानी सहकार्यातून ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार उभे राहिले आणि पर्यटकांच्या नकाशावर कामठी आली ती त्यामुळे. नदीकडे मात्र त्यांतले फारसे कोणी वळत नाही. नागपूरचे बरेच नळ या कन्हानवर चालतात, नागपूरच्या इमारती हिच्या रेतीवर उभ्या राहतात. त्याबदल्यात कन्हानच्या वाट्याला आले ते उपशाने खोल गेलेले पात्र आणि औष्णिक वीज केंद्रांची राख. व्यापार गेला त्याला रेल्वेचे निमित्त तरी होते. या हिशेबाला तसले निमित्तही नाही.

आता नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातली एक मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीमार्गे ‘कन्हान नदी’ या स्थानकापर्यंत नियोजित आहे. ती सुरू झाली की ड्रॅगन पॅलेस पाहून परतू नका. शेवटच्या स्थानकापर्यंत जा, हरदासांच्या स्मारकाशी थांबा आणि नागपूरकर रोज पितात ते पाणी कोणत्या अवस्थेत आहे, तेही पाहून या.