वर्षभराचे ताई-दादा

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरात वह्यावाटपाचे फलक झळकू लागतात. मुकुंदवाडीपासून पडेगावापर्यंत दप्तरे, कंपासपेट्या, हार, छायाचित्रे. जुलैत सारे शांत. वही लागतेच, तेव्हा वाटपाला माझा विरोध नाही. पण वस्तीतल्या एखाद्या मुलाचे ताई किंवा दादा होणे, म्हणजे दर आठवड्याला ठरल्या वेळी त्याच्याजवळ बसणे, त्याचे वाचन ऐकणे, त्याच्या गप्पांत रमणे, हे वाटपाच्या हिशेबाने करायचे काम नव्हे. ते वर्षभर निभणार नसेल तर सुरूच करू नये, असे माझे मत आहे.

हे मत कोरड्या शिस्तीतून आलेले नाही. अमेरिकेत १९०४ पासून चालत आलेल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या उपक्रमाची १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी पाहा. १० ते १६ वयाची ९५९ मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एकाला ताई-दादा लगेच मिळाले, दुसरा दीड वर्ष थांबला. पहिल्या गटात अमली पदार्थांना प्रथमच हात लावण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी कमी निघाली, शाळेला दांड्याही निम्म्याच. हे आकडे अशा उपक्रमांच्या माहितीपत्रकांत हमखास दिसतात. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी याच मुलांची माहिती २००२ मध्ये पुन्हा चाळली, त्याचा उल्लेख मात्र सहसा नसतो. वर्षाहून अधिक टिकलेल्या जोड्यांत मुलांचा सर्वाधिक फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला होता. न येणाऱ्या दादापेक्षा येऊन नाहीसा झालेला दादा महाग पडतो.

ती अमेरिका, आपली अडचण वाचता न येण्याची, असे कोणी म्हणेल. मग ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेची बालसखी योजना घ्या. मुंबई आणि बडोद्यात वस्तीतल्याच तरुणी, थोड्या मानधनावर, मागे पडलेल्या १५-२० मुलांना शाळेत रोज दोन तास शिकवत. मुले ठळकपणे पुढे गेली. पण साथ सुटल्यावर वर्षभरात त्या प्रगतीचा बराच भाग ओसरला. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावच्या तरुणांनी विनामोबदला वाचनवर्ग चालवले. आलेल्या मुलांचे वाचन सुधारले, पण आली जेमतेम ८ टक्के. म्हणजे वेळ टिकवायची आणि जागाही मुलाच्या उंबऱ्याजवळ हवी. आपल्या शहरात अशी जागा शोधायला लांब जावे लागत नाही. कोरोनाकाळात शाळा बंद असताना, २०२१ च्या आरंभी, बायजीपुऱ्यात एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने आणि ‘रीड अँड लीड फाउंडेशन’च्या साथीने मोहल्ला बाल वाचनालय उघडले, आणि पुढे गल्लोगल्ली तशी वाचनालये झाली. पुस्तक बदलायला मूल तिथे येतेच. ताई-दादांची बैठक तिथेच भरली तर निमंत्रणाची गरज उरत नाही.

परक्या माणसाजवळ मूल सोपवायचे कसे, ही शंका आईबापांनी काढलीच पाहिजे. उत्तरही त्याच जागेत आहे: भेट उघड्या दारात, चार मुलांच्या आणि मोठ्यांच्या देखत, घरी किंवा गाडीवर कधीच नाही, शिवाय आधी पोलीस पडताळणी. ज्या स्वयंसेवकाला हा अविश्वास वाटेल, त्याने वह्या वाटाव्यात. दुसरा आक्षेप शिक्षकांचा: हे काम शाळेचे नाही का? आहेच. पण शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला घालून दिलेले ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण पाळले, तरी प्रत्येकाचे पाच मिनिटे वाचन ऐकायला अडीच तास लागतात. आणि ताई-दादा आले म्हणून शिक्षकांची रिकामी पदे भरण्याची मागणी तसूभरही सैल होत नाही.

वर्षाची अट घातली तर माणसे येणार नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. येऊ नयेत. विद्यापीठ परिसरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण निकालानंतर गावी जाणार असेल, तर त्याने पुस्तकांची नोंद ठेवावी, एखादे मूल अंगावर घेऊ नये. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळ्या बदलतात, तिथल्या दोघांनी मिळून एक वेळ सांभाळावी. निवृत्त शिक्षिका, बँकेतले लोक, त्याच गल्लीतल्या गृहिणी यांच्याकडे ठरलेली वेळ अधिक असते. आणि बदली झालीच, तर ती मुलाला महिनाभर आधी, ताईच्या तोंडूनच कळावी. उरलेल्या चारही भेटींना पुढे येणारी व्यक्ती शेजारी बसलेली असावी.