कुलपामागची ग्वाही

बँकेची वेबसाइट उघडली, की आपला ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर क्षणार्धात गुप्तपणे बोलू लागतात. दोघांची आधीची ओळख नसली तरी. याची पायाभूत कल्पना व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी 1976 मध्ये मांडली: किल्ल्या दोन, एक जगजाहीर, दुसरी स्वतःपाशीच. पण ती जगजाहीर किल्ली बँकेचीच कशावरून? इथे गणित थांबतं आणि ग्वाही देणारा लागतो.

ही ग्वाही म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र. ‘ही किल्ली अमुक वेबसाइटची’ असं नमूद करून प्रमाणन संस्था त्यावर स्वतःच्या खासगी किल्लीने सही करते. विश्वासातल्या संस्थांची यादी ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच भरलेली असते. अडचण अशी, की यादीतली कोणतीही संस्था साधारणपणे कोणत्याही वेबसाइटची ग्वाही देऊ शकते. एकीच्या घरी चोर शिरला, की धोका सगळ्यांनाच.

2011 मध्ये नेमकं हेच घडलं. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत घुसखोरांनी पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रं काढली. त्यांतलं एक गूगलच्या नावाचं होतं. त्याची पडताळणी मागणाऱ्या सुमारे 3 लाख आयपी पत्त्यांपैकी जवळजवळ सगळे इराणमधले होते. सही अस्सल, गणित अचूक. खोटी होती ती ग्वाही. क्रोममध्ये गूगलच्या खऱ्या किल्ल्यांची नोंद असल्यामुळे एका इराणी वापरकर्त्याला इशारा दिसला आणि प्रकरण उघडकीला आलं. ब्राउझरांनी डिजिनोटारला यादीतून काढलं. सप्टेंबरमध्ये तिचं दिवाळं निघालं.

आपणही यातून सुटलो नाही. 2014 मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं.

यावरचा उपाय आपल्या चावडीला ओळखीचा आहे. जमिनीचा फेरफार मंजूर होण्याआधी तलाठी नोटीस लावतो, कुणाची हरकत असेल तर ती घेता यावी म्हणून. तशाच, प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांची पद्धत 2013 पासून आकाराला आली. 2018 पासून क्रोम नव्या प्रमाणपत्रांसाठी अशी नोंद मागतो. तिथे लिहिलेलं गुपचूप खोडता येत नाही आणि ते कुणालाही वाचता येतं.

नोंदवही खोटी ग्वाही थांबवू शकत नाही. पण डिजिनोटारमधून निघालेलं गूगलच्या नावाचं ते बनावट प्रमाणपत्र सुमारे सात आठवडे कुणाच्याही नजरेस पडलं नव्हतं. आता वेबसाइटचा मालक रोज वही चाळून हरकत घेऊ शकतो.