हळदीतला पिवळा रेणू

मुरगळलेल्या पायावर हळदीचा लेप थापताना रेणूंचा विचार कोण करतो? हळदीला पिवळेपण देणारं कर्क्युमिन १८१५ साली वेगळं काढलं गेलं. त्याची रचना उलगडायला मात्र १९१० साल उजाडलं.

पेशींतलं ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन जागं झालं, की सूज वाढवणारी रसायनं तयार होऊ लागतात. प्रयोगशाळेतल्या पेशींवर कर्क्युमिन नेमकी हीच प्रक्रिया रोखतं.

शरीरात गेल्यावर मात्र त्याची पंचाईत होते. हळकुंडात ते जेमतेम तीनेक टक्के. पाण्यात विरघळत नाही, आणि आतड्यातून जे थोडंफार शिरतं, त्याची शरीर लगेच विल्हेवाट लावतं. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी जोडीला मिरीतलं पायपरिन दिलं, तेव्हा माणसांच्या रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे वीसपट झालं. हळदीच्या दुधात मिरपूड टाकणाऱ्या आज्यांना याचं नवल वाटायचं नाही!

गुडघ्याच्या संधिवातात काही छोट्या चाचण्यांत दुखणं कमी झालेलं दिसलं. पण जाहिरातींतला चमत्कार त्यातून सिद्ध होत नाही. उलट, जास्त मात्रेच्या कर्क्युमिन गोळ्यांनी, विशेषतः पायपरिनसह घेतलेल्या, काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत आहेत. आमटीतली चिमूटभर हळद या हिशेबात येत नाही.