तीस म्हणजे नक्की किती?

कॅल्क्युलेटरवर ‘साइन ३०’ दाबलं आणि ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर यंत्र बिघडलेलं नाही. कोणीतरी मोड बदलून ठेवलाय. यंत्राने तुमचे तीस अंश तीस रेडियन समजून घेतले, इतकंच.

तिसरा मोड ‘ग्रॅड’. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, पण तो आहे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला. सगळंच दहाच्या पटीत, मग काटकोनाने ९०च का राहावं? केले १००! तेव्हाच्या मीटरच्या व्याख्येनुसार ध्रुव ते विषुववृत्त १०,००० किलोमीटर, म्हणजे अक्षांशाचा एक ग्रॅड बरोबर १०० किलोमीटर. हिशेब देखणा, पण जगाने ९० सोडले नाहीत. खलाशांचं गणित मात्र टिकलं: अक्षांशाची एक कला म्हणजे साधारण एक सागरी मैल, आज १,८५२ मीटर.

कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा. ही साठीची सवय बॅबिलोनची. आपल्याकडे तिथीसुद्धा कोनच असते! सूर्य आणि चंद्रातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. शुक्ल चतुर्थी म्हणजे ३६ ते ४८ अंश.

आता खरी गंमत. आर्यभटाच्या ‘ज्या’ म्हणजे साइनच्या कोष्टकात, इ.स. ४९९च्या सुमारास, त्रिज्या धरली आहे ३,४३८. हा विचित्र आकडा आला कुठून? वर्तुळाचा परीघ २१,६०० कला, त्याला दोन पायने भागा. परीघ आणि त्रिज्या एकाच मापात! रेडियनमागची युक्ती हीच: त्रिज्येएवढा कंस, त्याचा कोन एक रेडियन, म्हणजे जवळजवळ ३,४३८ कला. ‘रेडियन’ हा शब्द छापून आला थेट १८७३ साली, बेलफास्टमध्ये जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत. पोरांच्या डोक्याला ताप तेव्हापासूनच.

तोफखान्याचं माप ‘मिल’: एक किलोमीटरवर साधारण एक मीटर. वर्तुळात खरं तर ६,२८३ बसायला हवेत; नाटोने ६,४०० धरले, सोव्हिएत सैन्याने ६,०००. भागाकार सोपा झाला की झालं.

आणि काहीच हाताशी नसेल तर हात आहेच. लांब केलेल्या हाताची मूठ सुमारे १० अंश, करंगळी एक. संकष्टीला चंद्र उगवला की एक डोळा मिटून करंगळी समोर धरा. एवढा मोठा वाटणारा चंद्र नखामागे लपतो. तो जेमतेम अर्ध्या अंशाचा!