अच्युत कानविंदे आणि खानदेशचं ऊन

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि तरीही आपल्या हमरस्त्यांवर दर्शनी काचेच्या इमारती वाढताहेत. जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरं बांधणाऱ्या मुलखात हे पाहिलं की मला आर्किटेक्ट अच्युत कानविंदे आठवतात.

सिंधुदुर्गातल्या आचऱ्याला १९१६ साली जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे.त. पुढे सरकारने त्यांना हार्वर्डला धाडलं. तिथे बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस त्यांना गुरू लाभले. १९४७च्या सुमारास परतल्यावर हाती आलं ते नव्या देशाच्या प्रयोगशाळांचं काम. अहमदाबादची ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था याच काळातली: नेटकी, पण अजून गुरूच्या वळणाची.

पुढे शौकत राय यांच्यासोबत स्वतःचं कार्यालय थाटल्यावर त्यांचा हात मोकळा झाला. साठच्या दशकात कानपूरचं आयआयटी उभं राहिलं, संचालक होते आपले पु. का. केळकर. विटा आणि उघडं काँक्रीट, मध्यभागी ग्रंथालय. वाहनं बाहेरून फिरवली आणि इमारती छत असलेल्या उंच वाटांनी जोडल्या. कानपूरच्या उन्हात विद्यार्थ्याने सावलीतून वर्गात पोचावं, हा त्यामागचा विचार. ही कणव मला त्या काँक्रीटच्या रांगडेपणाहून मोठी वाटते.

मेहसाण्याची दूधसागर डेअरी सत्तरच्या दशकातली. कारखाना म्हटला की आपण पत्र्याची शेड धरून चालतो. कानविंद्यांनी तिथे हवा खेळवणारे उंच मनोरे थेट छपरावर चढवले आणि त्यांतूनच इमारतीला तिचं रूप मिळालं. त्यांचं धाडस असं गरजेतून वर आलेलं आहे, वरून चिकटवलेलं नाही. १९७४मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र, पुण्यातली बँक व्यवस्थापन संस्था ही त्यांची कामं तर आपल्या एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. उतारवयात त्यांनी दिल्लीचं इस्कॉन मंदिरही रचलं. २००२च्या डिसेंबरात ते गेले.

आपल्याकडे आता शाळा, बाजार समित्या, दवाखाने नव्याने बांधले जाताहेत. विश्वस्तांनी आणि नगरसेवकांनी नकाशावर सही करण्यापूर्वी आर्किटेक्टला एवढंच विचारावं: मे महिन्यात, दुपारी दोनला, वीज गेल्यावर आतला माणूस कुठे बसेल? उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.