विसरण्याचा हिशेब

संगणकाच्या स्मरणशक्तीचं कौतुक सगळेच करतात. त्याला विसरावंही लागतं, हे फारसं कोणी सांगत नाही. लिनक्सचं कर्नल मी कुठल्या वर्गात न बसता, कोड वाचत वाचतच शिकलो. त्यातला मला सर्वांत भावलेला भाग विसरण्याचाच आहे.

मेमरीचे साधारणतः ४०९६ बाइटांचे तुकडे पाडतात. त्यांना 'पान' म्हणतात. जागा संपत आली की काही पानं रिकामी करावी लागतात. कोणती? लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये आदर्श उत्तर मांडलं : ज्याची गरज सर्वांत उशिरा पडेल ते. पण भविष्य कुणाला दिसतं? म्हणून कर्नल भूतकाळावरून अंदाज बांधतं : अलीकडे वापरलेलं पान पुन्हा लागेल.

हा अंदाज फसतो. प्रचंड फाइल एकदाच वाचली, तरी तिची ताजी पानं रोजच्या कामाच्या पानांना हुसकून लावतील. म्हणून दोन याद्या केल्या. फाइलचं नवं पान आधी 'निष्क्रिय' यादीत उमेदवारी करतं. पुन्हा वापरलं गेलं तरच 'सक्रिय' यादीत जातं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत पानांच्या पिढ्या मोजणारी पर्यायी पद्धतही आली.

विसरण्याची किंमतही सारखी नसते. डिस्कवर जसंच्या तसं असलेलं पान टाकून देता येतं. बदललेलं आधी डिस्कवर लिहावं लागतं. ज्याच्यामागे फाइलच नाही, ते स्वॅपमध्ये जातं. निवड वारंवार चुकली, तर यंत्र पानांची ने-आण करण्यातच दमतं. काहीच सुटेना, तर कर्नल एखादा चालू प्रोग्रामच मारतं. आपण जतन न केलेला मजकूर त्याच्याबरोबर जातो. नेमकं विसरता आलं नाही, की असं सगळंच हातचं जातं.