फक्त पाऊल हलतं

‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’ अशी थट्टा आपल्याकडे चालते ना? चेन्नईत त्यासाठी एकच शब्द पुरतो: कीळ्पाक्कम. म्हणजे किलपॉक. व्हॅलेंटाइन कॉनॉली नावाच्या सर्जनने 1794 मध्ये मद्रासेत काढलेलं वेड्यांचं इस्पितळ 1871 मध्ये तिथे हललं. तीच आजची मानसिक आरोग्य संस्था. अशा जागेचं नाव निघालं की डोळ्यांपुढे सिनेमातला शॉक येतो. डोक्याला तारा, किंकाळी, तडफडणारा देह.

आता खऱ्या शॉकच्या खोलीत चला. तिथे काय दिसतं? एक पाऊल हलताना दिसतं. बस्स!

समजा, सत्तरीच्या एक आजी आहेत. खोल नैराश्य. गोळ्या झाल्या, बदलून झाल्या. आता त्यांनी जेवण सोडलंय, पाणीही नको म्हणतात, आणि आपली आतडी कुजून गेलीत अशी त्यांची पक्की खात्री झालीय. नव्या गोळीचा गुण यायची आठवडेच्या आठवडे वाट बघायला इथे सवड नाही. म्हणून सकाळी उपाशीपोटी त्यांना आत नेतात. कवळी काढून ठेवतात. शिरेतून भूल देतात. झोप लागली की एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून घट्ट करतात, आणि मग स्नायू सैल करणारं औषध सोडतात. ते भिनताना अंगभर बारीक थरथर सरकत जाते, तळ्यावरून वारं जावं तशी. मग सगळं निपचित.

पट्ट्याखालच्या पावलात मात्र ते औषध पोचलेलंच नसतं! त्यामुळे काही सेकंद वीज दिल्यावर मेंदूत वादळ उठतं, अंग शांत पडून राहतं आणि ते एकटं पाऊल ठेका धरतं. डॉक्टर मेंदूचा आलेख बघतात तसे पावलाकडेही बघत सेकंद मोजतात. वीस, तीस, चाळीस... थांबलं.

स्नायू सैल करायची ही युक्ती आली कुठून माहीत आहे? दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणांवरच्या विषातून! पूर्वी आचक्यांच्या जोराने रुग्णांचे मणके मोडत. 1940 मध्ये ए. ई. बेनेट या अमेरिकी डॉक्टरांनी त्यावर क्युरारे हे विष वापरलं. ऑपरेशनच्या टेबलावर ते त्यानंतर पोचलं. आज औषध दुसरं आहे, काम तेच. आणि भूल व हे औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला आपल्याकडे 2017 च्या कायद्याने बंदी आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. वीज हे इथलं औषधच नाही. औषध आहे फिट, मेंदूत उठणारं ते वादळ! विजेचं काम काडी लावण्यापुरतं. पहिली काडी तर विजेची नव्हतीच, कापराची होती. हो, आरतीतला कापूर. 1934 मध्ये बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांनी तेलात विरघळवलेल्या कापराचं इंजेक्शन देऊन फिट आणली. फेफरं आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांशेजारी नांदत नाहीत, असा त्यांचा तर्क होता. 1938 मध्ये रोममध्ये चेर्लेटी आणि बिनी यांनी इंजेक्शनऐवजी वीज आणली. मेडुनांचा तर्क पुढे साफ चुकीचा ठरला आणि उपाय सर्वांत जास्त लागू पडला तो भलत्याच आजाराला, खोल नैराश्याला. चुकीचा पत्ता घातलेलं पत्र दुसऱ्याच घरी पडावं आणि नेमकी तिथलीच माणसं त्याची वाट बघत असावीत, तसं झालं.

‘पण म्हाताऱ्या माणसाला हे झेपायचं कसं?’ मलाही हाच प्रश्न पडला होता. हृदय, रक्तदाब नीट तपासावे लागतात हे खरंच. पण गुण येण्याच्या बाबतीत म्हातारे तरुणांच्या पुढे! अमेरिकेत साठीपुढच्या 240 जणांना औषधाच्या जोडीने शॉक दिले, तेव्हा शंभरातल्या सुमारे 62 जणांचं नैराश्य जवळजवळ ओसरलं. सरासरी सातेक खेपांत. फुकट मात्र काही मिळत नाही. उपचारांच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात, काही कायमच्या जातात. नंतर औषध चालू ठेवलं नाही, तर बहुतेकांना सहा महिन्यांत आजार पुन्हा गाठतो.

हे होतं तरी कसं? पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही. शॉकच्या मालिकेनंतर मेंदूतला आठवणींशी निगडित एक भाग, हिप्पोकॅम्पस, स्कॅनमध्ये चक्क थोडा भरलेला दिसतो. हाच भाग वयाबरोबर आक्रसत जातो! मला मात्र दुसरा एक तर्क अधिक भुरळ घालतो. ती फिट थांबवतं कोण? डॉक्टर नव्हे, मेंदू स्वतः. चाळीत भांडण पेटलं की शेजारी सोडवायला धावतात. रोज पेटायला लागलं तर दार उघडंच ठेवून बसतात. तसंच हे असावं. दर खेपेला मेंदूची आवरायची ताकद वाढते, आणि कदाचित तीच आजाराच्याही कामी येते. म्हणून तर मालिका पुढे सरकते तशी फिट आणायला जास्त वीज लागू लागते. आणि पहिल्या दिवशी चाळीस सेकंद हललेलं ते पाऊल सहाव्या खेपेला बऱ्याचदा तीस सेकंदांच्या आतच थांबतं.